नळाचे गौरवपत्र आणि मोरीचे पाणी

बऱ्हाणपूर जिल्ह्याला २०२२ च्या जुलै महिन्यात एक मोठा मान मिळाला. जिल्ह्यातील सर्वच्या सर्व २५४ गावांनी आपापल्या ग्रामसभांत ठराव करून घरोघर नळाचे पाणी पोहोचल्याचे जाहीर केले, आणि ‘हर घर जल’ हे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरचे नाव सरकारदफ्तरी नोंदले गेले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन अभियान सुरू झाले, तेव्हा तेथील १,०१,९०५ ग्रामीण घरांपैकी अवघ्या ३७,२४१ घरी नळ होता. तीन वर्षे पुरती होण्याच्या आत, तीही महामारीची वर्षे, उरलेल्या चौसष्ट हजारांहून अधिक घरी नळ नेणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या सासवासुनांच्या डोक्यावरची घागर उतरली त्यांना या मानाचा अर्थ आम्ही समजावून सांगावा असे नाही. या कामाविषयी आम्हांस आदर आहे, आणि तो राखूनच आम्ही पुढील वाद मांडीत आहो.

आमचा प्रश्न इतकाच की, घरात आलेले हे पाणी घरातून जाते कोठे?

प्रश्न पोरकट वाटेल. पण तो विचारल्यावर सभेत जी शांतता पसरते ती पोरकट नसते. अभियानाने माणशी रोजी ५५ लिटर पाण्याचे माप ठरविले आहे. पाच माणसांच्या घरी हे २७५ लिटर झाले. यातील पिण्यात आणि शिजविण्यात जाते ते थोडे. आंघोळ, धुणे, भांडी, सारवण यांत वापरलेले बाकीचे पाणी, म्हणजे ढोबळ मानाने दोनशे लिटर, संध्याकाळपर्यंत मोरीतून बाहेर पडलेले असते. एक लक्ष घरांचे दोनशे लिटरप्रमाणे दोन कोटी लिटर झाले. आणि हे एका दिवसाचे! नळ रोज येतो, म्हणून ही मोरीही रोज वाहते. नळाचा हिशेब मांडून जिल्ह्याने पहिला क्रमांक मिळविला. त्याच हिशेबाच्या पाठकोऱ्या बाजूवर कोणी काही लिहिले आहे काय?

डोक्यावरून आणलेल्या पाण्याचा घरात हिशेब असे. तांदूळ धुतलेले पाणी गुरांच्या कोंड्यात जाई, भांड्यांचे पाणी परसातल्या अळवाला आणि कर्दळीला, न्हाणीचे पाणी केळीच्या आळ्यात. आमच्या कोकणी वाचकांना हे वेगळे सांगायला नको. त्यांच्या घरामागचा न्हाणीचा माड हा वाडीतला सर्वांत भरघोस माड असतो हे तेथील पोरालाही ठाऊक. ही काही थोर शास्त्रीय व्यवस्था नव्हती, पण दोन घागरींच्या घराला ती पुरत होती. दोन घागरींच्या जागी दोनशे लिटर आले. परस मात्र वाढले नाही, कित्येक ठिकाणी उलट त्यावर खोली चढली. कर्दळ गेली आणि मोरीचे तोंड रस्त्याकडे वळले. पूर्वी जे अळवाचे अन्न होते ते आता डासांचे झाले. पाणी वाढवायचे आणि परसाचा विचार करायचा नाही, या धोरणाला आम्ही अर्धे धोरण म्हणतो. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, खुद्द अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत सांडपाण्याचा विषय घातलेला आहे. तेव्हा दोष दिल्लीच्या कागदाचा नव्हे. कागदाचा जो भाग समारंभास सोयीचा तो आपण वाचतो आणि गैरसोयीचा बासनात बांधतो, हा दोष आपला सर्वांचा आहे.

आता आक्षेप घेणारे म्हणतील, ‘खेड्याच्या मोरीचे काय घेऊन बसलात? नदी नासवितात ती शहरे आणि कारखाने.’ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली, तींत तापीचा नेपानगर ते बऱ्हाणपूर हा पट्टा आहेच. नेपानगरला कागदाची गिरणी, बऱ्हाणपुरास यंत्रमाग आणि दाट वस्ती. तेव्हा बोट दाखवायला जागा पुष्कळ आहे. शहराने आपले गटार स्वच्छ केलेच पाहिजे, गिरणीने आपले पाणी धुऊनच सोडले पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. पण शेजाऱ्याने चोरी केली म्हणून आपल्या खिशातील परक्याचे पाकीट आपले होत नाही. शहराचे पाणी एका दोन नाल्यांनी जाते. त्यास अडविता येते, मोजता येते, त्यावर यंत्र बसविता येते. २५४ गावांचे पाणी शेकडो ओघळींनी झिरपते; ते कोणत्याही एका यंत्राच्या तोंडाशी येणारच नाही. जे एके ठिकाणी गोळा होत नाही ते उगमापाशीच धुवावे लागते. म्हणजे खेड्याची मोरी लहान आहे हा युक्तिवाद वस्तुतः आमच्या बाजूचा आहे: ती लहान आहे, म्हणूनच ती गावानेच आवरली पाहिजे आणि म्हणूनच ती गावाला आवरता येते.

ओघळ पुढे कोठे जाते हेही पाहू. ती नाल्यास मिळते, नाला उतावली किंवा मोहना यांसारख्या उपनदीस किंवा थेट तापीस. तापी बऱ्हाणपुराहून पश्चिमेस उतरते आणि महाराष्ट्रात शिरते. तेथे चांगदेवापाशी तिला पूर्णा भेटते. त्या संगमाला लोक तीर्थ मानतात, आचमन करतात. मुक्ताईच्या वारीचे वारकरी त्या पाण्यास हात लावून कपाळी नेतात. पुढे हतनूरच्या धरणात हेच पाणी साठते आणि भुसावळच्या नळास लागते. इच्छापूरच्या देवीचे दर्शन घेऊन सीमेपलीकडे मुक्ताईनगरास जाणारा भाविक सकाळी वरच्या गावात जे पाणी मोरीत ओततो, त्याचीच भेट त्याला खाली तीर्थ म्हणून होते, असे म्हटले तर कित्येकांना राग येईल. राग येऊ द्या. भूगोल रागाने बदलत नाही.

येथे आम्ही देवालयांच्या वाचकांशी, महाजनांशी आणि कुळाव्यांशी मोकळेपणाने बोलू इच्छितो. आपणांपैकी पुष्कळांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली आहे की, वाहते पाणी आपोआप शुद्ध होते आणि नदी ही माता असल्याने लेकरांची घाण पोटात घेते. तिचा पहिला अर्धा भाग काही अंशी खरा आहे. पाण्यातील सूक्ष्म जीव सेंद्रिय मळ खातात, त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात, आणि खडकांवरून खळाळताना नदी तो प्राणवायू हवेतून पुन्हा मिळविते. पण हा व्यवहार देवघेवीचा आहे. मळ प्राणवायूपेक्षा अधिक झाला की मासे मरतात, तळ काळा पडतो, पाण्यास वास येतो. शिवाय साबण-सोड्यातील फॉस्फेट कोणत्याही खळाळाने नाहीसा होत नाही. तो जलपर्णी आणि शेवाळ पोसतो. भर उन्हाळ्यात तापीचा प्रवाह आटून डोहांपुरता उरतो, तेव्हा ही माता स्वतःच पाण्यासाठी आसुसलेली असते. त्या वेळी तिच्या वाट्यास येतो तो कोणाचा अभिषेक?

आणि शास्त्राचे नाव घ्यायचेच तर पुरते घ्यावे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र आणि थुंकी टाकण्याचा निषेध स्पष्ट आहे. कौटिल्य तर निषेधावर थांबत नाही, तो दंड लावतो. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, नगराध्यक्षाच्या प्रकरणी, रस्त्यावर चिखलपाणी तुंबविणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे, आणि तोच राजमार्गावर केल्यास दुप्पट. पुण्यस्थान, पाणवठा आणि देवालय यांपाशी विष्ठा करणाऱ्यास एक पणापासून चढता दंड आहे. आम्ही वकील असल्यामुळे या दंडसूत्राकडे आमचे लक्ष अधिक वेधले जाते, हे कबूल. पण कौटिल्याने देवालय आणि पाणवठा एकाच वाक्यात घातले, हे वकील नसलेल्यानेही ध्यानी घ्यावे. आषाढ शुद्ध सप्तमीस तापीचा जन्मोत्सव करणारे आपण, त्या दिवशी तिला साडी नेसवितो, दिवे सोडतो, आणि अष्टमीच्या सकाळी घाटाच्या वरच्या अंगाने येणाऱ्या ओघळीकडे पाठ करून अर्घ्य देतो. सूर्यकन्येच्या या पूजेस आमचा विरोध नाही. विरोध पाठ करण्यास आहे.

खुद्द देवालयांचे काय? अभिषेकाचे दूध-पाणी, निर्माल्य, धर्मशाळेच्या न्हाण्या, महाप्रसादाच्या दिवशी हजार पानांची भांडी, यांचे पाणी कोठे जाते याचे उत्तर किती देवस्थान समित्यांच्या इतिवृत्तात सापडेल? गोमुखातून बाहेर पडलेले तीर्थ चार पावलांवर गटारास मिळते आणि ते गटार कित्येकदा देवाच्याच तळीत उतरते. अंत्रुज महालातील काय, खानदेशातील काय, आम्ही कोणत्याही देवळाचे नाव घेत नाही. ज्याने त्याने आपल्या देवळाच्या मागील भिंतीशी जाऊन पाहावे. देवस्थानचा पैसा या कामी लावता येतो का, अशी शंका आमच्यापाशी पुष्कळदा येते. सार्वजनिक न्यासाचा कायदा मध्य प्रदेशात १९५१ पासून आहे, महाराष्ट्रात १९५० पासून. देवस्थानच्या वास्तूचे आणि भक्तांच्या आरोग्याचे रक्षण हा न्यासाच्या उद्देशाबाहेरचा खर्च आहे, असे म्हणायला धाडस लागेल. कळसास सोन्याचा मुलामा देण्याचा ठराव जितक्या वेळात मंजूर होतो, तितक्या वेळात मोरीसाठी खड्डा आणि चार गाड्या गोट्यांचाही होऊ शकेल.

संडासांचा विषय निराळा आणि अधिक कडू आहे. २०१४ पासून देशभर घरोघर संडास झाले, ही मोठी गोष्ट झाली. पण संडास म्हणजे नुसती चार भिंतींची खोली नव्हे. त्याचा खरा भाग जमिनीखाली असतो. दोन खड्ड्यांचा संडास नीट बांधला तर एक खड्डा भरल्यावर तो बंद करून ठेवावा, दुसरा वापरावा, आणि यथाकाल पहिल्यातील सोनखत शेतास द्यावे, इतकी ती साधी रचना. त्याऐवजी आपण प्रतिष्ठेपायी मोठा सेप्टिक टँक बांधतो आणि त्याची नळी गुपचूप गटारात सोडतो. टाकीत मळ काही काळ मुरतो, बाहेर पडणारे पाणी मात्र जंतूंनी भरलेलेच असते. उघड्यावरचे शौच बंद झाले म्हणून फलक लावायचा आणि तेच शौच नळीवाटे गल्लीत आणायचे, याला दुसरे नाव सुचत असेल तर वाचकांनी कळवावे. कोकणपट्टीत तर जांभ्याच्या सच्छिद्र दगडात एका कुंपणात विहीर आणि सेप्टिक टँक शेजारी नांदतात. तेथील लोकांनी बऱ्हाणपूरला हसण्याचे कारण नाही.

आता उपायाकडे वळू. कारण उपाय नाही म्हणून स्वस्थ बसलो ही सबब सर्वत्र ऐकू येते. लोकांच्या डोळ्यांपुढे सांडपाण्याची शुद्धी म्हटली की मोठमोठी यंत्रे येतात. १९१४ साली मँचेस्टर येथे हवा घोळवून जंतूंच्या गाळाकरवी मैलापाणी धुण्याची पद्धत निघाली, ती जगभर शहरांनी घेतली. शहराला ती शोभते. खेड्यास तिच्या विजेचे बिलही झेपणार नाही आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारा कारागीर जिल्ह्याच्या गावाहून येईपर्यंत पंधरवडा उलटेल. खेड्यासाठी जे लागते त्यास वीज लागत नाही. उतार लागतो, जागा लागते आणि वेळ लागतो. कोलकात्याच्या पूर्वेस शहराचे मैलापाणी उथळ तळ्यांत पसरवून, उन्हाने आणि शेवाळाने शुद्ध करून त्यावर मासे पोसणारे कोळी पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत; २००२ साली त्या पाणथळीस आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले. आपल्याच नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे काढून गटारेच अनावश्यक केली आणि डास हटविणारे गाव म्हणून नाव मिळविले. तेव्हा ‘होत नाही’ हे खोटे आहे.

परंतु येथे आम्हांस आमच्याच बाजूच्या उत्साही मंडळींशीही भांडायचे आहे. टेंभुर्णीचे पाहून आल्यावर हे लोक एकच नकाशा २५४ गावांना वाटू लागतात. जमीन विचारीत नाही कोणी! तापीकाठची गावे खोल काळ्या मातीवर वसलेली आहेत. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली झाली की फुगून बंद होते. तीत काढलेला शोषखड्डा पहिल्या पावसाळ्यात डबके होतो. तेथे पाणी जमिनीवरच धुवावे लागेल: मोरीशी लहान गाळकुंडी, तिच्यात राख, केस, शिते अडवावी, मग उताराने बंदिस्त नळीवाटे गावाच्या खालच्या अंगास न्यावे, तेथे खडीचा वाफा करून त्यात कर्दळ, लव्हाळे, पाणकणीस लावावे, आणि त्यातून पाझरलेले पाणी एका तळ्यात काही दिवस उन्हास ठेवून केळीच्या बागेस द्यावे. कर्दळीच्या मुळांशी जे जंतू राहतात तेच मळ खातात; आजीच्या परसात जे नकळत चालत होते तेच येथे मापाने करावयाचे. केळी हे या जिल्ह्याचे वैभव. तिला पाणी किती लागते, आणि त्यासाठी जमिनीच्या पोटातून किती उपसा होतो, हे बागाइतदारांना आम्ही काय सांगावे? दोन कोटी लिटर रोज वाया घालवून खाली आणखी बोअर मारीत जाणे हा हिशेब त्यांच्याच वहीत बसत नाही.

उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याची गोष्ट याच्या अगदी उलट. तेथे डोंगरावरून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा भराव आहे. पाणी ओतावे आणि ते दिसेनासे व्हावे अशी जमीन. शोषखड्डा येथे झकास चालतो, आणि म्हणूनच भय आहे. कारण याच पट्ट्यातून बऱ्हाणपूरचा सर्वांत मोठा ठेवा निघतो. जहांगीराच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना याने तबकुतुल अर्ज नामक इराणी तज्ज्ञाकरवी सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भूमिगत बोगद्यांत घेतले आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. मार्गावर शंभराहून अधिक कुंड्या बांधल्या. कुंडी भंडारा, लोकांच्या तोंडी खूनी भंडारा, तो हाच. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आले. पाणी, उतार आणि जमीन यांचा इतका बारीक विचार करणाऱ्यांच्या गावात आज आपण राहतो. त्या भंडाऱ्याच्या माथ्यावरील भूमीत जे मुरेल तेच खाली कुंड्यांत उतरेल. तेथे न्हाणीचे पाणी मुरवायचे तर आधी गाळून, झाडांवरून, आणि पाणवठ्यापासून पुरेसे दूर. संडासाचे तर अशा ठिकाणी मुरूच द्यायचे नाही, बंद टाकीतून काढून न्यायचे. वारशाची पाटी लावून त्याच्या माथ्यावर मैला मुरविणारे गाव जगात दुसरे शोधावे लागेल.

पैशाचे रडगाणे आता ऐकू. स्वच्छ भारत अभियानाचा ग्रामीण दुसरा टप्पा २०२० साली मंजूर झाला. त्याच्या नियमांत सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावास माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावास माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठरली. त्यातील तीस टक्के पंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून घालावयाचे. दोन हजार वस्तीच्या गावास हे ५,६०,००० रुपये झाले, पैकी पंचायतीचे १,६८,०००. या रकमेत राजवाडा होणार नाही, पण कर्दळीचा वाफा आणि तळे खास होईल. वित्त आयोगाच्या त्या अनुदानाचाही एक हिस्सा स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. तो रस्त्याच्या सिमेंटावर वळविता येऊ नये हाच त्या बांधणीचा हेतू.

आणि समजा, पैसा खरोखरच नाही. तरी कायदा काय म्हणतो? याच मध्य प्रदेशातील रतलामच्या नगरपालिकेने हीच सबब सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती. मोहल्ल्यातील रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. दंडाधिकाऱ्याने गटारे बांधण्याचा हुकूम दिला. नगरपालिका म्हणाली, आमच्यापाशी पैसा नाही, आणि हे लोक डोळे उघडे ठेवून येथे राहायला आले. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही सबबी झिडकारल्या. वैधानिक कर्तव्य तिजोरीच्या हलकेपणाने सुटत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. ज्या कलमाखाली तो हुकूम झाला ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ वे. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२ व्या क्रमांकावर आहे. क्रमांक बदलला, रतलाम बदलले नाही. ग्रामपंचायतीचे कर्तव्य राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत लिहिलेल्या विषयांशी जोडलेले आहे, आणि त्या यादीत पिण्याचे पाणी आहे तसे आरोग्य व स्वच्छताही आहे. दुसरा कायदा १९७४ चा, जलप्रदूषणाचा. मूळ अधिनियम ज्या राज्यांस प्रथम लागू झाला त्यांत मध्य प्रदेशाचे नाव आहे. त्यात ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत कोरडा पडलेला नालाही येतो आणि भूगर्भातील पाणीही. आणि उघड्या गटारातील सांडपाण्याचा समावेश मैलापाण्याच्या व्याख्येतच केलेला आहे. जाणूनबुजून दूषित द्रव्य प्रवाहात, विहिरीत वा जमिनीवर जाऊ देणे चोविसाव्या कलमाने निषिद्ध आहे. जाणूनबुजून या शब्दावर पंचायतीचे वकील भर देतील. आमचे उत्तर असे की, गावात किती घरी नळ सुरू झाला हे आपल्या सहीशिक्क्याने जाहीर करणाऱ्या पंचायतीस किती मोऱ्या वाहू लागल्या हे माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. पाणवठा बिघडविणाऱ्यास नव्या न्यायसंहितेच्या २७९ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड आहे. दुर्दैव हे की, त्याच्या पूर्वीच्या कलमातील ‘सार्वजनिक झरा’ या शब्दांत वाहती नदी येत नाही असे जुने निर्णय आहेत, आणि नव्या संहितेनेही तेच शब्द ठेवले. कौटिल्याला हे सुचले नसते!

तथापि गावाने गावास कोर्टात खेचावे अशी आमची इच्छा नाही. खरी अडचण पैशाची नाही, तंत्राची नाही, कायद्याचीही नाही. ती आमच्या मनात आहे आणि तिचे नाव घेण्यास आपण लाजतो. गाळकुंडीतला गाळ पंधरवड्याने काढावा लागतो. तो कोण काढणार? हा प्रश्न येताच सभेतील डोळे नकळत गावाच्या एका टोकाकडे वळतात. पाणी आणणे हे पुण्य, पाणी नेणे हा विटाळ, अशी विभागणी आपण शतकानुशतके केली. नळाच्या उद्घाटनास म्हणून मंत्री आणि महाराज येतात आणि मोरीच्या तोंडाशी एका विशिष्ट जातीचा माणूस उभा असतो. आपले देव सोवळ्यात राहिले आणि आपली गटारे त्या माणसाच्या पाठीवर राहिली. हाताने मैला उचलविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबास तीस लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. माणसाची किंमत तरी ठरली म्हणायची! कोकणात अप्पासाहेब पटवर्धन या उच्चवर्णीय, विद्वान गृहस्थाने कणकवलीच्या गोपुरीत संडास आणि सोनखत यांतच आयुष्य वेचले. गाडगेबाबांनी देवळाच्या दारी उभे राहून झाडू हाती घेतला. दोघांचेही पुतळे आणि तसबिरी आपण लावल्या आणि दोघांचेही काम एका जातीकडे परत पाठविले. जोवर प्रत्येक घर आपल्या मोरीचा गाळ आपल्या हाताने काढीत नाही, जोवर देवस्थानचा अध्यक्ष आणि सरपंच आपापल्या पाळीने तळ्याची जाळी साफ करीत नाहीत, तोवर कोणताही वाफा दोन पावसाळे टिकणार नाही. कर्दळीला जात नाही. तिचा गाळ काढणाऱ्यास मात्र आपण ती चिकटवितो.

तेव्हा आमचे मागणे नेमके असे. ज्या ग्रामसभांनी घरोघर नळ आल्याचा ठराव केला, त्याच ग्रामसभांनी दुसरा ठराव करावा आणि तो होईपर्यंत पहिला अपुरा समजावा. येत्या १५ ऑगस्टला किंवा २ ऑक्टोबरला गावोगाव सभा भरेल. तिच्यापुढे गावाचा नकाशा ठेवावा आणि त्यावर प्रत्येक मोरीचे पाणी कोठवर जाते ती रेघ ओढावी. रेघ नाल्यात किंवा विहिरीपाशी संपत असेल तेथे तांबडी खूण करावी. गटारात सोडलेल्या सेप्टिक टँकच्या नळ्या किती, हे घरमालकांच्या नावानिशी वाचून दाखवावे, सरपंचाच्या घरापासून सुरुवात करून. काळी माती कोठे, भराव कोठे, हे पाहून खड्डा की वाफा हे ठरवावे. गाळ काढण्याची पाळी आडनावांच्या क्रमाने लावावी, वस्तीच्या क्रमाने नव्हे. आणि गावात देऊळ असेल तर त्याच्या मागील भिंतीपासूनची रेघ नकाशावर सर्वांत आधी ओढावी. ती ओढण्यास खडू आणि पायी चालायला अर्धा तास इतकेच लागते.